पाटी आणि दप्तर : टॅब कोणता घ्यावा?



गेल्या महिन्यात सांगलीत याच मालेतलं व्याख्यान आटोपून मी खाली उतरलो, तर एक निवृत्त शिक्षिका थांबल्या होत्या. त्या दिवशीचा विषय कांट होता. मला वाटलं, काही शंका असणार. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या हातात टॅब दिसला म्हणून विचारते. मला एक घ्यायचाय. थोडं लिखाणाचं काम असतं, मुलीकडे जाणं-येणं असतं, प्रवास लांबचा. आणि संध्याकाळी नाटक, गाणं काहीतरी बघायचं असतं. कोणता घेऊ?" मी म्हटलं, "बाई, कांटबद्दल विचारलं असतंत तर सोपं गेलं असतं." (हशा) पण प्रश्न डोक्यात राहिला. घरी आल्यावर लक्षात आलं की मलाही नवा टॅब घ्यायचाच आहे. जुना का गेला, ते पुढे सांगतो. ती गोष्ट मला अजून लागते.

म्हणून आज साताऱ्यात त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. मात्र मी दुकानदार नाही, तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे. तेव्हा उत्तर थोडं लांबून येईल.

आधी शब्द बघू. आपल्या वयात टॅब्लेट म्हटलं की रक्तदाबाची गोळी आठवते. दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. लॅटिनमध्ये 'टॅब्युला' म्हणजे फळी. फळीवर मेण थापायचं, टोकदार काडीने लिहायचं, आणि काम झालं की मेण घासून सपाट करायचं. घासलेली फळी म्हणजे 'टॅब्युला रासा'. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा शब्द जॉन लॉकच्या नावावर खपवला जातो, मीही तीस वर्षं खपवला. लॉकच्या निबंधात मात्र मनाला उपमा आहे ती पांढऱ्या कागदाची. फळीची उपमा त्याच्या फार आधी ॲरिस्टॉटलने दिली होती, अजून काही न लिहिलेल्या पाटीची. मराठीत आपण काय म्हणतो? 'माझी पाटी कोरी आहे.' लॉक न वाचता म्हणतो. कारण पाटी आपल्या घरातलीच.

आपली जुनी पाटी दगडी नव्हती, ती धूळपाटी होती. लाकडाची फळी, तिच्यावर बारीक धूळ, वाळू किंवा विटेची पूड पसरायची आणि बोटाने नाहीतर काडीने अक्षर काढायचं. चुकलं तर हात फिरवला की साफ. 'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्दप्रयोग तिथला. मोठे हिशेबही असेच होत. गणिताला संस्कृतात 'पाटीगणित' म्हणत, श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचं नावच ते आहे. आणि धुळीत आकडे मांडून हिशेब करणं म्हणजे 'धूलिकर्म'. म्हणजे बोट फिरवून लिहायचं, बोट फिरवून पुसायचं, हे कॅलिफोर्नियातून आलं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

या धुळीने एक मोठा प्रवास केलाय. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. तिथे एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली. त्याने तेच आपल्या शाळेत सुरू केलं. कागद नको, शाई नको, आणि शिकलेल्या मुलाने न शिकलेल्याला शिकवायचं. इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये त्याने यावर पुस्तिका छापली. तिकडे जोसेफ लँकेस्टरच्या शाळांतही नवशिक्यांना वाळू आणि पुढच्यांना दगडी पाटी अशी पद्धत रुजली. मग तीच पद्धत, पाटीसकट, साहेबाची नवी पद्धत म्हणून आपल्याकडे परत आली. आपलीच वस्तू आपल्याला परत विकली जाणं काही आजचं नाही.

आता साताऱ्यात येऊ. इथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरला नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, नोंद क्रमांक १९१४. २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. वर्गात त्या मुलाला इतरांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मी ते रजिस्टर डोळ्यांसमोर आणतो तेव्हा माझ्या मनात एक साधा विचार येतो. त्या मुलाने साताऱ्याच्या त्या वर्षांत पाटीवर काय काय लिहिलं असेल? किती गणितं, किती शब्द? ते सगळं पुसलं गेलं, आणि पुसण्यासाठीच होतं. रजिस्टरमधली एक ओळ मात्र राहिली, कारण ती ठेवण्यासाठी लिहिली होती.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे लिहिण्याची दोन वेगळी साधनं होती आणि त्यांची गल्लत कुणी करत नसे. पाटी पुसायची, दप्तर राखायचं. पाटीवरचं राहावं असं कुणाला वाटत नसे, आणि दप्तरातला कागद हरवला तर घर हादरे. टॅब ही पहिली वस्तू, जी दिसते पाटीसारखी आणि आव आणते दप्तराचा. घेताना आपण फसतो ते इथे.

दप्तर म्हणजे काय, ते या भागाला वेगळं सांगायला नको. सातारा आणि सांगली हे मुळात एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. या दोन्ही नावांनी ओळखले जाणारे ताम्रपट अभ्यासकांना माहीत आहेत. एक सातारा ताम्रपट, चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचा भाऊ विष्णुवर्धन याचा, सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला. दुसरा सांगली ताम्रपट, राष्ट्रकूट राजा चौथा गोविंद याचा, शके ८५५ चा, म्हणजे इसवी सन ९३३. ताम्रपट म्हणजे खरोखर टॅब्लेटच की. हाताएवढे तांब्याचे पत्रे, भोक पाडून कडीत ओवलेले, कडीवर राजाची मुद्रा. मुद्रा असते म्हणून कुणाला मधलं पान बदलता येत नाही. आणि जुन्या पत्र्यांच्या कडा पुष्कळदा थोड्या जाड, उचललेल्या असतात. का? पत्रे एकमेकांवर घासले तरी अक्षर झिजू नये म्हणून. आपण आज काचेवर काच आणि वर कव्हर घालतो, ती काळजी त्या लोहाराने हजार वर्षांपूर्वी घेतली होती. त्याला वस्तू कुणासाठी करायची ते ठाऊक होतं. जमिनीचं दान 'चंद्रसूर्य असेतो' दिलेलं असे, म्हणून पत्राही तेवढा टिकायला हवा.

ताम्रपट टिकतो, पण त्याच्यावर रोजचा हिशेब लिहित नाहीत. रोजच्यासाठी कागद, बोरू आणि मोडी. मोडी ही घाईची लिपी, हात न उचलता लिहायची. कामाचा कागद, गुंडाळला की रुमालात, रुमाल दप्तरात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात असंच प्रचंड दप्तर होतं. साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनी ते जगासमोर आणलं. नाना १८०० साली गेले, वाड्यातले कागद पुढे शंभर वर्षं बांधलेल्या स्थितीत राहिले आणि तरी वाचता आले. त्यांना ना वीज लागली ना पासवर्ड. मोडी वाचणारा माणूस तेवढा लागला. आता तोही मिळेनासा झालाय, तो भाग वेगळा.

काम आणि प्रवास एकत्र आले की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण साताऱ्याचंच आहे, आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. महाराजांची बाजू लंडनला मांडायला गेले रंगो बापूजी गुप्ते. किती वर्षं राहिले? चौदा. १८५३ च्या अखेरीस परत आले. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये सातारा खालसा झालं. म्हणजे ज्यांच्यासाठी गेले ते राहिले नाहीत, ज्या गादीसाठी गेले ती राहिली नाही, आणि तरी हा माणूस परक्या शहरात अर्ज करत राहिला.

या चौदा वर्षांत त्यांच्याजवळ साधन काय होतं? कागद. मोडी पत्रं साताऱ्याकडे, इंग्रजी अर्ज आणि छापील पत्रकं कंपनीच्या भागीदारांकडे आणि पार्लमेंटच्या सभासदांकडे. पत्र जायला कित्येक आठवडे, उत्तर यायला तेवढेच. बोट बुडाली तर पत्र बुडालं. म्हणून त्या काळी महत्त्वाच्या पत्राची दुसरी प्रत वेगळ्या जहाजाने धाडायची सर्रास रीत होती. आज आपण त्याला बॅकअप म्हणतो आणि काहीतरी तांत्रिक भानगड समजून पुढे ढकलतो. ज्याचं काम खरोखर अडलेलं असतं तो दुसरी प्रत ठेवतोच, त्याला ते कुणी शिकवावं लागत नाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांना पुढे १९४८ मध्ये प्रतापसिंह आणि रंगो बापूजींवर मोठा ग्रंथ लिहिता आला, तो कागद उरले म्हणून. रंगो बापूजी १८५७ च्या धामधुमीत नाहीसे झाले. माणूस सापडला नाही, त्याचं लिखाण सापडतं.

करमणुकीचं सांगायचं तर त्या बाई सांगलीच्या, त्यांना मी काय सांगणार! ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय गेला, आणि नाटकमंडळी गाठोडी बांधून गावोगाव निघाली. मुंबईपर्यंत पोचली. तेव्हा करमणूक प्रवास करत असे आणि प्रेक्षक जागेवर बसत. आता उलट झालंय, प्रेक्षक एसटीत आणि नाटक मांडीवर. शेजारच्या मिरजेतही बघा. तिथले शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारीचं काम आटलं तसे ते भोपळ्याला हात घालून तंबोरे, सतारी करू लागले आणि देशभरच्या गवयांनी ते तंबोरे मिरवले. आज गाणं शिकणारी मुलं टॅबवर तंबोऱ्याचं ॲप लावून रियाज करतात. मी नाक मुरडणार नाही. आगगाडीच्या डब्यात तंबोरा कसा न्यायचा ते ज्याने नेलाय त्यालाच विचारा. पण एका जुन्या गवयांनी मला सांगितलं होतं, तंबोरा जुळवता जुळवता निम्मं गाणं शिकून होतं. ॲपमध्ये जुळवावंच लागत नाही. म्हणजे सोय काय देते ते बघताना काय काढून घेते तेही बघावं, एवढाच मुद्दा, आणि तो तिथेच सोडतो.

आता आजच्या टॅबकडे. याची कल्पना पहिल्यांदा नीट मांडली ॲलन के या अमेरिकन संशोधकाने, १९७२ च्या एका निबंधात. त्याने त्याला 'डायनाबुक' म्हटलं. आणि गंमत म्हणजे ती वस्तू त्याने मुलांसाठी कल्पिली होती, सगळ्या वयांच्या मुलांसाठी. म्हणजे पुन्हा पाटीच! पुढे १९९३ मध्ये ॲपलचं न्यूटन आलं, २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे टॅब्लेट पीसी आले, फार कुणी घेतले नाहीत. २७ जानेवारी २०१० ला आयपॅड दाखवला गेला आणि मग मात्र लाट आली.

आपल्याकडची लाट म्हणजे 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी तो विद्यार्थ्यांच्या हातात दिला. सात इंची पडदा, सरकारला पडलेली किंमत सव्वादोन हजारांच्या आसपास. तेव्हा मी महाविद्यालयातून नुकताच निवृत्त झालो होतो आणि फार आनंदलो होतो. दगडी पाटीनंतर प्रत्येक मुलाच्या हातात पुन्हा एक पाटी! पण पडदा दाबून लिहायचा, बोट टेकवून भागत नसे. यंत्र मंद, बॅटरी तोकडी. आणि मला सगळ्यात खटकलं ते हे, की त्यातल्या अँड्रॉइडच्या मूळ आवृत्तीत देवनागरीची धड सोयच नव्हती. पाटी दिली, पण तिच्यावर 'अ' उमटेना. धूळपाटीने असं कधी केलं नव्हतं. पुढच्या वर्षी सुधारलेला 'आकाश-२' आला, पण तोवर लोकांचा विश्वास उडाला होता. स्वस्त वस्तू वाईट असते असं नाही. ज्याच्यासाठी करायची त्याचं रोजचं काम न बघता केली, म्हणून ती फसली.

आता माझी गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एक उद्योग सुरू केला होता. पाटण, जत, खानापूर या तालुक्यांत फिरून ज्यांनी लहानपणी धूळपाटीवर अक्षरं गिरवली अशा म्हाताऱ्या माणसांना भेटायचं. फार थोडे उरले होते, बहुतेक नव्वदीचे. टॅब नवा होता, सोबत पेन होतं, मी खूश. समोर बसून त्यांचं बोलणं त्याच पडद्यावर हाताने उतरवून घेत असे. पाटणकडच्या एका आजोबांनी सांगितलं होतं की विटेची पूड आई जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळून द्यायची. आणि अक्षर काढण्यापेक्षा फळी हलवून ते मोडण्यात जास्त मजा यायची. त्यांच्या गावचे पंतोजी 'ओनामासीधं' एका वेगळ्या चालीत, मध्ये गावातल्या जागांची नावं गुंफून म्हणून घ्यायचे. आजोबांनी ते सगळं म्हणून दाखवलं. मी सगळं लिहून घेतलं.

ते लिखाण होतं टॅबच्या कंपनीने दिलेल्या टिपणाच्या ॲपमध्ये. काही वर्षांनी कंपनीने सुधारणा देणं थांबवलं, मग ॲप बंद झालं, मग पडदाच गेला. फायली एका जाणकार मुलाने कशाबशा बाहेर काढल्या, पण त्या उघडतील असं काही जगात शिल्लक नव्हतं. त्या त्याच ॲपच्या भाषेत होत्या. मी मदतकेंद्राला फोन केले. तिथली मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "सर, नवीन मॉडेलवर सूट आहे." आजोबा त्याआधीच गेले होते. मला त्या ओनाम्यातल्या दोनच ओळी आठवतात, आणि त्याही बरोबर आहेत की नाहीत, सांगणारं कुणी नाही.

शके ८५५ चा पत्रा वाचता येतो आणि मी माझ्या हाताने लिहिलेलं दहा वर्षांत वाचता येत नाही. दोष कंपनीला देऊन मोकळं होता येईल. पण मी पाटीला दप्तर समजलो, ही चूक माझी.

तर बाई, आज आपण आलेल्या नाहीत, पण हे व्याख्यान पुढे वाचाल म्हणून थेट तुम्हाला सांगतो.

आधी आपलं काम काय ते एका कागदावर लिहा, टॅबचं नाव नंतर. तुम्ही जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचत असाल तर पडदा दहा-अकरा इंचांचा हवा. सात-आठ इंचांवर छापील पान बसवलं की अक्षर मुंगीएवढं होतं, आणि मोठं केलं की ओळ सरकवत बसावं लागतं. फक्त कथा-कादंबऱ्या आणि बातम्या असतील तर आठ इंची पुरे, तो एका हातात धरता येतो. वजन दुकानात दोन मिनिटं धरून कळत नाही. मोठा टॅब साधारण अर्धा किलोचा असतो, आडवं पडून वाचताना मनगटाला रात्री कळतं. म्हणून दुकानात धराच, पण दहा मिनिटं धरा, विक्रेता कंटाळला तरी.

हाताने लिहायचं असेल तर पेन त्याच टॅबसाठी केलेलं आहे का, ते पाहा. रबरी टोकाचं स्वस्त पेन हे बोटच, फक्त लांब. चांगल्या पेनाची खूण ही की तळहात पडद्यावर टेकवला तरी रेघ उठत नाही. आम्ही मोडी-बाळबोध गिरवलेली माणसं हात टेकवूनच लिहिणार. आणि मग मराठीत लिहून बघा. 'ज्ञानेश्वर', 'वाङ्मय', 'ऱ्हास', 'तऱ्हा' हे चार शब्द मी प्रत्येक नव्या यंत्राला परीक्षा म्हणून घालतो. 'वाङ्मय' मध्ये बरेच गडगडतात. बोलून टंकायची सोय आता मराठीत पुष्कळ बरी झालीय, विरामचिन्हं मात्र आपली आपण घालावी लागतात.

प्रवासाचं म्हणाल तर सिमकार्डाचा टॅब महाग पडतो आणि बहुतेकांना लागत नाही, मोबाइलवरून नेट देता येतं. पण कोयनेच्या खोऱ्यात किंवा घाटात दोन्हीही चालत नाहीत. तेव्हा निघण्यापूर्वी घरीच पुस्तकं, नाटकं उतरवून घ्या, आणि जागा १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. मेमरी कार्डाची खाच असली तर उत्तम. नाटक-सिनेमासाठी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. काही स्वस्त टॅबना पैसे भरून बघायच्या वाहिन्यांची मान्यताच नसते. पडदा झकास असतो, पण चित्र त्या वाहिनीवर धूसरच येतं. 'वाइडवाइन एल-वन आहे का' असं विचारा. तो तुमच्याकडे बघत राहील, पण विचारा. आवाजासाठी कानातलं जोडायचं भोक आहे का तेही पाहा, हल्ली ते काढून टाकायची फॅशन आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे दोन प्रश्न. एक, सुधारणा किती वर्षं देणार? हे कंपन्या आता जाहीर करतात. विकत घेतलेल्या दिवसापासून नाही, बाजारात आल्यापासून मोजतात, हे लक्षात ठेवा. सवलतीत मिळणारं जुनं मॉडेल म्हणजे आयुष्याचा थोडा भाग आधीच संपलेला. दोन, माझं लिखाण बाहेर कसं काढायचं? एक ओळ लिहा, ती साध्या मजकुराच्या किंवा पीडीएफच्या रूपात दुसऱ्या यंत्रावर पाठवून तिथे उघडून दाखवा म्हणावं. उघडली तर घ्या.

आणि पुसण्याचंही सांगतो. १९२५ मध्ये फ्रॉइडने एका खेळण्यावर छोटा लेख लिहिला. मेणाचा ठोकळा आणि वर पारदर्शक कागद. कागद उचलला की लिहिलेलं नाहीसं होतं, पण खालच्या मेणावर पुसट ओरखडे राहतात. मनाचं असंच असतं, असं तो म्हणाला. टॅबचंही असंच असतं. नातवाला जुना टॅब देताना नुसत्या फायली पुसू नका. खात्यांतून बाहेर पडा आणि यंत्र मूळ स्थितीत आणा, नाहीतर तुमची बँक आणि तुमच्या मैत्रिणींचे निरोप त्याच्याकडे जातात.

मी कागदाचा भाट आहे असं समजू नका. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश वीस खंडांचा. माझ्या घरात त्याने एक अख्खी भिंत अडवलीय, आणि आता तो आंतरजालावर असल्यामुळे रेल्वेत बसून वाचतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत आणि ग्रंथालयांत शिरलं, तेव्हा चिखलात फुगलेली पुस्तकं रस्त्यावर वाळत घातलेली मी पाहिली. पाण्याला कागद आणि काच यांत फरक कळत नाही. त्या वेळी ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी होती, त्याचं राहिलं. रंगो बापूजींच्या वेळची दोन जहाजांची रीत ती हीच. टॅबमधलं एक घरच्या संगणकावर, एक दूरच्या साठ्यात, आणि जे खरंच जपायचं ते छापून. एवढं केलं की टॅबने खुशाल पाटी राहावं.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी अकरा इंची घेतलाय, पेनासकट, मधल्या किमतीचा. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, दोन वर्षांनी ते निरुपयोगी होईल. पुढच्या रविवारी पुन्हा पाटण तालुक्यात जातोय. एक आजी आहेत, त्यांच्या थोरल्या भावाने धूळपाटी वापरली होती, आणि बाजूला बसून त्यांनी ती ऐकून पाठ केली होती, असं कळलंय. मुलींना तेव्हा पाटी कोण देणार? या वेळी टॅब आवाज टिपेल, आणि मी दोनशे पानी वहीत लिहीन. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, वस्तीत असं कुणी असेल तर निघताना मला गाठा. गावाचं नाव आणि वय तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

चहा तयार आहे असं खूण करून सांगताहेत. प्रश्न चहाबरोबर घेऊ.